तिकीट शून्याचं, पायरी उंच

२०२२ साली महालक्ष्म्यांच्या तोंडावरची गोष्ट. चिखली–खामगाव रस्त्यावरच्या आमच्या फाट्यावरून माय आणि मी बसमध्ये चढलो. मायचं वय तेव्हा ब्याऐंशी. वाहकानं तिचं ओळखपत्र पाहिलं, मशीनची दोन-तीन बटणं दाबली आणि कागदाची चिठ्ठी तिच्या हातात ठेवली. मायनं सवयीनं कमरेची पिशवी सोडायला घेतली, तर तो म्हणाला, "राहू द्या आजी, पैसे नाही लागत." माय तिकिटाकडे बघत राहिली. मग विचारती झाली, "पैसे नाही घेतले, तं तिकीट कायले देलं बापा?"

पोरगेलासाच होता तो वाहक. म्हणाला, "तिकीट हाय म्हणजे तुमी परवासी हाय आजी. काई फुकट बसेल नाही."

माय आमच्या गावात नांदायला आली ती बैलांच्या दमणीतून. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर धावली हे खरं, पण आपला वऱ्हाड तेव्हा मुंबई प्रांतात नव्हता. विदर्भातली प्रांतिक परिवहन सेवा महाराष्ट्राच्या महामंडळात मिसळली ती १९६१ साली. मी तेव्हा नुकता चालायला लागलो होतो. तेव्हापासून दवाखाना, लग्न, मयत, बाजार, शेगावची वारी, सगळं मायनं लाल गाडीनंच केलं.

मी जिल्हा परिषद शाळेचा निवृत्त शिक्षक. धाकट्या भावाचा डावा पाय दोन वर्षांचा असताना पोलिओनं गेला. तो कॅलिपर लावून, कुबडी घेऊन चालतो. आता माय पंच्याऐंशीची, मी सहासष्टचा, भाऊ बासष्टचा. गेल्या काही वर्षांत आम्ही भरपूर फिरलो आणि बरंच चुकत चुकत शिकलो. ते लिहून ठेवतोय, कारण सवलतींचा फलक बसस्थानकावर लागलेला असला तरी फलक वाचून प्रवास होत नाही. तिकिटाचे पैसे हा प्रवासातला सगळ्यात सोपा भाग. कागद, फाटा आणि पायरी, हे तिन्ही अवघड.

१. वेळापत्रकाआधी जन्मतारीख बघा

पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीत मोफत प्रवास देणारी अमृत ज्येष्ठ नागरिक योजना २६ ऑगस्ट २०२२ ला सुरू झाली. दोन-तीन दिवसांतच आम्ही मायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघालो. वाहकानं आधार कार्ड पाहिलं आणि अर्धं तिकीट दिलं. मी म्हणालो, ब्याऐंशी वर्षांची आहे हो. त्यानं कार्ड माझ्यापुढे धरलं. जन्मवर्ष १९५० छापलेलं होतं. आधार काढताना कोणीतरी अंदाजानं वर्ष टाकलं होतं आणि इतकी वर्षं घरातल्या एकानंही ते वाचलं नव्हतं. कागदावर माझी माय माझ्यापेक्षा फक्त नऊ वर्षांनी मोठी होती.

त्या रात्री पत्र्याची पेटी उपसली. तळाशी तिचं जुनं मतदार ओळखपत्र सापडलं. त्यावरचं वय बरोबर होतं. एसटीत वयाच्या पुराव्यासाठी आधारखेरीज मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, तहसीलदारांनी दिलेलं ओळखपत्र असे पुरावेही चालतात. मायचं पहिलं शून्याचं तिकीट निघालं ते त्या मतदार ओळखपत्रावर. आधारची दुरुस्ती आम्ही नंतर सवडीनं केली. एक मात्र ध्यानात ठेवा. आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते. तेव्हा हाती पक्का पुरावा असल्याशिवाय घाईनं अर्ज करू नका.

आमच्या पिढीत तर अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. माझीही तीच आहे. शाळेपुरती लिहिलेली ती तारीख म्हातारपणी सवलतीचं दार उघडते किंवा बंद ठेवते. आजच घरातल्या सगळ्यांची कार्डं काढा आणि चष्मा लावून वाचा.

२. घरातल्या प्रत्येकाचा दर वेगळा, तो पाठ करा

आमच्या घरातली चार माणसं एकाच गाडीत बसतात तेव्हा तिकिटं तीन दरांची निघतात. पंचाहत्तरीपुढच्या मायला भाडं नाही. मी पासष्ट ते पंचाहत्तरच्या गटात, मला निम्मं. माझ्या पत्नीला पासष्ट अजून लागलेलं नाही, पण १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच स्त्रियांना निम्मं भाडं झालं, म्हणून तिलाही निम्मं. भावाला दिव्यांग म्हणून साध्या गाडीत पंचाहत्तर टक्के सवलत, म्हणजे पाव भाडं. शंभर रुपयांच्या अंतराला चौघांचे चारशे व्हायचे, तिथे माझे पन्नास, तिचे पन्नास आणि भावाचे पंचवीस असे सव्वाशे होतात.

इथे दोन गैरसमज मी वारंवार पाहतो. पहिला, दोन सवलती एकावर एक चढतात असा. बाईमाणूस आहे आणि वय अडुसष्ट आहे, म्हणजे निम्म्याचं निम्मं, असं होत नाही. जी एक लागू पडते ती मिळते. दुसरा गैरसमज वयाचा. ज्येष्ठांच्या देखभालीचा २००७ चा कायदा साठाव्या वर्षी माणसाला ज्येष्ठ मानतो. एसटीची वयाची सवलत पासष्टपासून लागते. साठ झालेले किती तरी पुरुष वाहकाशी हुज्जत घालताना मी पाहिलेत. त्यात वाहकाचा काही दोष नसतो.

भाड्याचा हिशेबही समजून घ्यावा. एसटीचं भाडं टप्प्यावर मोजतात आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. २५ जानेवारी २०२५ ला भाडं वाढलं तेव्हा साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. गाडी साधी, निमआराम की वातानुकूलित, यावर टप्प्याचा दर बदलतो आणि दिव्यांगांच्या सवलतीची टक्केवारीही बदलू शकते. पंचाहत्तरीपुढच्यांना मात्र साध्या गाडीपासून वातानुकूलित गाडीपर्यंत सगळीकडे मोफत आहे.

३. शून्याचं तिकीटही मागून घ्या

मायनं विचारलेल्या प्रश्नाचं दुसरं उत्तर मला पुढे कळलं. मोफत आणि सवलतीच्या प्रवासाचे पैसे राज्य शासन महामंडळाला भरून देतं. त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. तिचा हिशेब मशीनमधून निघालेल्या तिकिटांवर होतो. म्हणजे मायचं शून्याचं तिकीट निघालं, तरच तिच्या प्रवासाचं भाडं एसटीच्या खात्यात मांडलं जातं. गर्दीत वाहक आपल्यापर्यंत पोचला नाही आणि म्हातारं माणूस तसंच उतरून गेलं, तर त्या दिवशी ते गाडीत नव्हतंच असं होतं.

शिवाय तपासणीस गाडीत चढला तर तिकीट लागतंच. आणि प्रवासात काही बरंवाईट झालं तर आपण त्या गाडीत होतो याचा पुरावा म्हणजे तीच चिठ्ठी. म्हणून माय आता जागेवर बसली की आधी तिकीट मागते, जपून ठेवते. हे तिला मी शिकवलेलं नाही. त्या पोरगेल्या वाहकानं शिकवलं.

४. दिव्यांगाचं कार्ड नीट काढा आणि मूळ कार्ड जवळ ठेवा

भावाकडे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाचं जुनं ओळखपत्र होतं. त्यावरचा फोटो पंचविशीतला, अक्षरं पुसलेली. प्रत्येक प्रवासात त्याला स्वतःचा पाय दाखवावा लागे. पन्नाशीतल्या माणसानं पाऊण भाडं वाचवण्यासाठी भर गाडीत पँट वर करून कॅलिपर दाखवायचं, हे बघून माझ्या पोटात तुटायचं. तो मात्र कधी बोलला नाही.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग आपल्याकडे जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणी होते, टक्केवारी ठरते आणि वैश्विक ओळखपत्र मिळतं. आपल्याकडे लोक त्याला यूडीआयडी कार्डच म्हणतात. चाळीस टक्के ही बहुतेक सवलतींची उंबरठ्याची पायरी आहे. भावाचं दिव्यांगत्व सत्तर टक्के ठरलं.

आमच्या अनुभवातून तीन गोष्टी सांगतो. अर्ज भरताना नावाचं स्पेलिंग आधारवर असेल तसंच्या तसं ठेवा. एका अक्षराच्या फरकानं आमचा अर्ज मागे आला होता. तपासणीला जाताना जुने सगळे कागद न्या, अगदी लहानपणचेही. आणि प्रवासात मूळ कार्ड न्या. एकदा आम्ही कार्ड घरी विसरलो आणि घडी घातलेली झेरॉक्स दाखवली. वाहकानं पूर्ण तिकीट फाडलं. त्याचं बरोबर होतं.

आजारपणाच्या सवलतींनाही हेच लागू आहे. डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्हीच्या रुग्णांना साध्या गाडीत मोफत प्रवास आहे. कर्करोग, क्षयरोग आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांना भाड्यात सवलत आहे. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या घराला ही रक्कम छोटी नसते. उपचार चालू आहेत तिथल्या डॉक्टरांकडून योग्य नमुन्यातलं प्रमाणपत्र पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

५. सोबत्याचं तिकीट ही चैन समजू नका

पासष्ट टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सोबतच्या मदतनिसालाही निम्मी सवलत आहे. ही गोष्ट भावाला आणि मला कित्येक वर्षं माहीतच नव्हती. सोबत कोणी घेतलं की दोन तिकिटं पडतात, म्हणून तो एकटाच जायचा. पावसाळ्यात एका स्थानकावर चिखलात त्याची कुबडी घसरली आणि चांगल्या पायाचा घोटा दुखावला. दीड महिना अंथरुणावर होता. वाचवलेल्या भाड्याच्या कित्येक पट दवाखान्यात गेले.

आता माझा मुलगा सोबत जातो. मी गेलो तर मला ज्येष्ठ म्हणून निम्मं आहेच, मदतनीस म्हणून आणखी काही कमी होत नाही. म्हणून शक्य तेव्हा घरातल्या तरुण माणसालाच पाठवतो. पाठीला पिशवी, एक हात दांड्याला, दुसरा काकाच्या काखेत. हे काम सहासष्टच्या माणसाचं नाही हे मी कबूल केलं, तेव्हापासून आमचे प्रवास बरे होऊ लागले.

६. गाडी कुठे जाते यापेक्षा कुठे थांबते ते विचारा

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आणि सात आगारं. रस्त्यावरची खेडी बहुतेक फाट्यावर भेटतात. आमचं गाव फाट्यापासून दोन किलोमीटर आत आहे. पूर्वी मुक्कामी गाडी यायची. रात्री पारापाशी थांबायची आणि सकाळी गावातूनच माणसं भरून निघायची. ती बंद झाली आणि म्हाताऱ्या माणसांचं जग दोन किलोमीटरनं लांब गेलं.

जलद गाडी छोट्या फाट्यावर थांबेलच असं नाही. एकदा खामगावहून परतताना आम्ही न विचारता जलद गाडीत बसलो आणि पुढच्या मोठ्या थांब्यावर उतरलो. तिथून मागे यायला काळी-पिवळी मिळाली, तिच्यात मायला मांडी घालायलाही जागा नव्हती. आणि फाट्यावरून घरापर्यंत ऑटोचे जे पैसे पडले, ते बसच्या पूर्ण भाड्यापेक्षा जास्त होते. शून्य रुपयाचं तिकीट असलेल्या बाईचा त्या दिवशीचा प्रवास सगळ्यांत महाग पडला.

त्यानंतर आम्ही नियम केला. चढण्याआधी वाहकाला विचारायचं, "अमुक फाट्यावर थांबता का?" हो म्हणाला तरच चढायचं. निघण्याआधी गावातल्या एखाद्या ऑटोवाल्याला परतीची वेळ सांगून ठेवायची. आणि दिवस मावळायच्या आत फाटा गाठायचा.

७. पायरीची तयारी घरी करा, आणि पायरी कमी करायची मागणी गावात करा

सवलतीनं भाडं कमी केलं, पायरीची उंची तीच राहिली. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या उंच चासीच्या. पहिली पायरी जमिनीपासून इतकी वर की माय दोन्ही हातांनी दांडा धरते, मी मागून आधार देतो, तेव्हा तिचं पाऊल पोचतं. आणि हे सगळं दहा माणसं मागून रेटत असताना. ज्याच्या पायात कॅलिपर आहे, त्याचा गुडघा तर वाकतही नाही.

इंग्लंडमध्ये २००८ पासून ज्येष्ठ आणि दिव्यांगांना गर्दीच्या वेळा सोडून देशभरातल्या स्थानिक बसमध्ये मोफत प्रवास आहे. आणि २०१७ सालापर्यंत तिथल्या नियमित बसगाड्यांना चाकाची खुर्ची चढेल अशी रचना कायद्यानं बंधनकारक झाली. मोफत तिकीट आणि चढता येईल अशी गाडी, या दोन गोष्टी तिथे जोडीनं आल्या. आपला २०१६ चा कायदाही बसथांबे आणि वाहनं दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. म्हणजे मागणी करायला आधार आहे.

गाडी बदलणं आमच्या हातात नव्हतं, फाटा होता. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. भावानं ग्रामसभेत उभं राहून फाट्यावर ओटा मागितला. दोन ग्रामसभा गेल्या. तिसऱ्या वेळी ठराव झाला. आता फाट्यावर एक सिमेंटचा ओटा आहे, एका बाजूनं उतार आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. गाडी ओट्याला लागून उभी राहिली तर पायरीची चढण निम्मी होते. लांब उभी राहिली तर पूर्वीसारखीच. पण चालकांना आता तो ओटा ओळखीचा झालाय, आणि बरेच जण गाडी अलगद त्याच्याजवळ आणतात.

घरची तयारीही लागते. माय निघण्याच्या आधी आठवडाभर अंगणातल्या पायरीवर दहा वेळा चढ-उतर करते. नऊवारीचा काष्टा आवळून घेते, चपलेऐवजी पट्ट्याचा बूट घालते, सामान एकाच पिशवीत आणि ती पिशवी माझ्याकडे. उतरताना घाई करत नाही. थांबा यायच्या आधीच वाहकाला सांगून ठेवतो की म्हातारं माणूस आहे, दोन मिनिटं लागतील. असं आधी सांगितलं की कोणीही नाही म्हणत नाही.

८. पाणी पिऊ द्या

ही गोष्ट घरातल्या बायका एकमेकींत बोलतात, पुरुषांना सांगत नाहीत. पुण्याला नातवाकडे जाताना रात्रभराच्या प्रवासात माय आदल्या दुपारपासून पाणीच बंद करायची. कारण एकच: गाडी कुठे थांबेल आणि तिथे बाईमाणसाला जाण्यासारखी जागा असेल की नाही, याचा भरवसा नसतो. एका उन्हाळ्यात पुण्याला उतरल्यावर ती चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी संपलंय.

तेव्हा कळलं, आणि मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी तिच्यासोबत प्रवास करत होतो आणि हे मला कधी दिसलंच नाही. आता लांबचा प्रवास आम्ही दोन तुकड्यांत करतो. छत्रपती संभाजीनगरला भाचीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढे. माय पंचाहत्तरीपुढची असल्यामुळे तुकड्यांचं वेगळं भाडं पडत नाही. सवलतीचा हा उपयोग फलकावर लिहिलेला नाही. पण मोफत तिकिटामुळे तिला थांबत थांबत जाता येतं, आणि पाणी पीत जाता येतं.

९. सवलतीला हद्द आहे, ती आधी माहीत करून घ्या

एका लग्नासाठी आम्ही मलकापूरहून बऱ्हाणपूरला निघालो. माय आणि पत्नी दोघींचं मोफत आणि निम्मं गृहीत धरून सुट्टे पैसे मोजके घेतले होते. एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते, पुढच्या मध्य प्रदेशातल्या अंतराचं पूर्ण भाडं द्यावं लागतं, हे वाहकानं समजावून सांगितलं. रक्कम फार नव्हती, पण पैसे मोजताना मायचा चेहरा उतरला. आपल्यामुळे खर्च वाढला असं म्हाताऱ्या माणसाला लगेच वाटतं. आधी माहीत असतं तर तो क्षण टळला असता.

तसंच शहरातलं. मुंबईची बेस्ट आणि पुण्याची पीएमपी या वेगळ्या संस्था आहेत, त्यांचे नियम वेगळे. एसटीतलं मोफत तिकीट तिथे दाखवून उपयोग नाही. खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांना तर शासनाची ही सवलत लागूच नाही.

१०. रेल्वेत गेलात की एसटीचे नियम विसरा

बुलढाणा शहरात आणि चिखलीत रेल्वे नाही. जालना–खामगाव मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. माझ्या वडिलांनीही त्यासाठीच्या सभा ऐकल्या होत्या. आपल्याला गाडी धरायची तर घाट उतरून मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव गाठावं लागतं. तिथे पोचलेल्या म्हाताऱ्या माणसाला पहिला धक्का बसतो तो तिकीट खिडकीवर. रेल्वेत साठ वर्षांवरच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरच्या स्त्रियांना पन्नास टक्के सवलत होती. २० मार्च २०२० ला, करोनाच्या तोंडावर, ती थांबवली गेली. करोना गेला. गाड्या भरून धावू लागल्या. आमच्या प्रवासांत ती सवलत पुन्हा मिळाली नाही. ती परत मिळावी असं मला मनापासून वाटतं, कारण मुंबई-नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांकडे जाणाऱ्या आमच्यासारख्यांना लांबचा रस्ता बसनं झेपत नाही.

दिव्यांगांची रेल्वे सवलत मात्र चालू राहिली. भावासारख्या, सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या अस्थिव्यंग माणसाला शयनयान आणि थ्री-टियर वातानुकूलित डब्यात पंचाहत्तर टक्के, आणि सोबत्यालाही तेवढीच. पण कायद्यातल्या एकवीसच्या एकवीस प्रकारांना ती नाही, ठरावीक गटांनाच आहे. आणि त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि त्यावरून रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं.

वयामुळे भाडं कमी होत नसलं, तरी खालचा बर्थ मिळू शकतो. साठ वर्षांवरचे पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांसाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. तिकीट काढताना वय खरं आणि अचूक लिहा, आणि महिनाभर आधी काढा. दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो. फलाटावर तो कुठे येईल हे आधी विचारून तिथेच बसून राहा. चौकशीसाठी १३९ हा क्रमांक आहे.

११. गर्दीचे दिवस ओळखा

होळीला सैलानीची यात्रा, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव, शेगावला प्रकटदिन आणि ऋषिपंचमी, आषाढीला पंढरपूर. या दिवसांत गाड्या यात्रेकडे वळतात आणि उरलेल्या गाड्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही. दवाखान्याची तारीख या दिवसांत आली तर फोन करून पुढची मागा. शेगावचं दर्शन मायला आम्ही गर्दीचे दिवस टाळून, आठवड्याच्या मधल्या वारी घडवतो. साधा बाजारहाटही सकाळी दहा ते बाराच्या मधल्या गाडीनं करतो. शाळा-कॉलेजची पोरं तोवर पोचलेली असतात.

१२. शांतपणे बोला, पण बोला

राखीव जागा खिडकीवर रंगवलेली असते, पण तिथे बसलेल्या तरुणाला कोणी उठवत नाही. माझा अनुभव असा की वाहकाला हाक मारण्याआधी स्वतः जाऊन सांगावं, "बाबू, माझी माय उभी आहे." शंभरातल्या नव्वद वेळा पोरं उठतात. उरलेल्या वेळी वाहकाला सांगावं. त्याच्यावर ओरडू नये. पन्नास माणसांचा हिशेब आणि भरलेली गाडी तो एकटा सांभाळत असतो.

आणि खरोखर अन्याय झाला तर गप्प बसू नये. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि तिकीट जपून ठेवावं. स्थानकप्रमुखाकडे किंवा आगारात लेखी तक्रार द्यावी. महामंडळाचा १८०० २२ १२५० हा निःशुल्क क्रमांक आहे. "जाऊ द्या, आपल्याला काय करायचं" असं आपण म्हणतो तेव्हा आपल्यामागून येणाऱ्या माणसालाही तेच भोगायला लावतो.

१३. जाणं पुढे ढकलू नका

मायची थोरली बहीण देऊळगाव महीला राहायची. दर दोन-तीन महिन्यांनी माय तिच्याकडे जायची. दोघी ओसरीवर बसून गहू निवडायच्या आणि बोलत राहायच्या. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. काळी-पिवळीत मायला बसवेना, खासगी गाडी करायला मी टाळाटाळ केली. "गाड्या सुरू झाल्या की जाऊ," मी म्हणत राहिलो. थंडी संपता संपता मावशी गेली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

सुरुवातीला ज्या प्रवासाची गोष्ट सांगितली, तो त्यानंतरचा मायचा देऊळगाव महीचा पहिला प्रवास. मावशीच्या सुनेनं महालक्ष्म्यांना बोलावलं होतं. माय उंबरठ्यावर टेकली, पिशवीतून ते शून्याचं तिकीट काढलं आणि सुनेला दाखवून म्हणाली, "हे पाय. आता मले येवाले पैसे नाही लागत. तुह्या सासूले सांगाले पायजे होतं."

तिकीट अजून तिच्या पत्र्याच्या पेटीत आहे. शाई उडून कागद कोरा पडलाय, तरी ती फेकू देत नाही.

तुमच्या घरात कोणी म्हातारं किंवा अधू माणूस "जाऊ नंतर" म्हणत असेल, तर त्याचं कार्ड आज वाचून बघा. मग फाट्यावर जाऊन उद्याची गाडी किती वाजता आहे आणि कुठे थांबते, ते विचारून या.